दोन सेकंद थांबणारी माणसं

गेल्या रविवारी आमच्या, म्हणजे अडखळत बोलणाऱ्यांच्या, ग्रुपमध्ये एक नवीन मुलगा आला, बावीस-तेवीस वर्षांचा असेल, शर्टाची वरची गुंडी लावलेली, हातात बाईकची किल्ली गच्च धरलेली. सगळ्यांची ओळख झाली, त्याची पाळी आली, तर त्यानं आपलं नाव सांगितलंच नाही, एकदम प्रश्नच विचारला. "किती दिवसांत जातं हे?" आणि हा एवढा प्रश्न विचारायला त्याला जवळजवळ अर्धं मिनिट लागलं. कोणी काही बोललं नाही. सगळे थांबले. त्याचं वाक्य पूर्ण झाल्यावरसुद्धा थोडा वेळ कोणीच बोललं नाही कारण तो प्रश्न आमच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी विचारलेला आहे. मी पण त्याला तेव्हा धड उत्तर दिलं नाही. घरी आल्यावर डोक्यातून जाईना म्हणून आज लिहायला बसलोय, लांबेल बहुतेक, पण लांबू दे.

मी अडखळत बोलतो. लहानपणी गावात 'तोतरा' म्हणायचे, काही जण 'बोबडा' पण म्हणायचे, पण बोबडं बोलणं वेगळं, तिथं उच्चार बदलतो. माझा उच्चार स्वच्छ आहे, शब्द तोंडाशी आलेला असतो, काय बोलायचंय ते डोक्यात लख्ख असतं आणि ओठ बंद होतात ते उघडतच नाहीत. याला ब्लॉक म्हणतात. कधी पहिलं अक्षर पुन्हा पुन्हा येतं, कधी स्वर लांबतो, पण माझा मुख्य त्रास ब्लॉकचाच, आणि त्यातही 'प'. आता माझं नावच 'प' वरून आहे, माझं गावही पाचवडच्या जवळ, म्हणजे मी कोण आणि कुठला एवढं सांगायचं झालं तरी दोन वेळा 'प' आडवा येणार.

पाचवड ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, पुणे-सातारा हायवेवर वाईला जायला जिथं रस्ता फुटतो ते गाव. मी साताऱ्याला कॉलेजला होतो, २००४ ते २००७, आणि रोज एसटीनं ये-जा. परत येताना कंडक्टर यायचा, हातात तो चिमटा, टिक टिक वाजवत, "कुठं?" म्हणायचा. मागं गर्दी, पुढं गर्दी, सगळ्यांना घाई. मी तोंड उघडायचो आणि 'पा' अडकायचा. दोन-तीन वेळा असं झालं, एकदा कोणीतरी मागून हसलं, त्यानंतर मी काय केलं तर उडतारेचं तिकीट काढायला लागलो. उडतारे पाचवडच्या अलीकडं आहे आणि 'उ' मला कधीच अडला नाही. सुटे पैसे आधीच मोजून मुठीत ठेवायचो, "उडतारे" म्हणायचो, उतरायचो, आणि तिथून पाचवडपर्यंत हायवेच्या कडेनं चालत यायचो. पावसाळ्यात पण. उन्हात पण. घरी सांगायचो बस उशिरा मिळाली. तीन वर्षं मी हे केलं, आणि आज मागं वळून बघताना मला त्या चालण्यापेक्षा जास्त वाईट याचं वाटतं की हे मी एकाही माणसाला सांगितलं नव्हतं.

अडखळणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य असंच जातं, शब्द बदलण्यात. हॉटेलात पोहे खायचे असतात आणि आपण उपमा मागवतो. फोन वाजला की बाथरूममध्ये जातो. वर्गात उत्तर येत असतं आणि "येत नाही" म्हणून उभं राहतो, कारण 'येत नाही' म्हणता येतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा शांत आहे, लाजाळू आहे, कमी बोलतो. कमी बोलणं हा माझा स्वभाव कधीच नव्हता हो.

घरच्यांनी काय काय केलं ते सांगतो, कारण त्यात माया होती. आईनं वेखंड मधात उगाळून जिभेवर चोळलं, रोज सकाळी, कितीतरी महिने. कुणी सांगितलं म्हणून तोंडात गोटी धरून बोलायला लावलं. मांढरदेवीला नवस झाला. एका डॉक्टरांनी जिभेखालची दोरी बघितली, म्हणाले जीभ मोकळी आहे, काही नाही. वडील शेतकरी, हळदीचं पीक, दिवसभर राबलेले, त्यांचा धीर लवकर सुटायचा. "अरं नीट बोल की, सावकाश बोल, आधी श्वास घे" असं म्हणायचे, आणि मी श्वास घ्यायचो आणि आणखी अडकायचो. त्यांना मी आज दोष देत नाही. त्यांच्या स्वतःच्या चुलत्याला अख्खं गाव 'मुका' म्हणायचं. तो मुका नव्हता, तो माझ्यासारखा होता, म्हणजे हे आमच्या घराण्यातच चालत आलेलं. त्या माणसानं शेवटी बोलणंच सोडून दिलं म्हणे. वडिलांच्या डोळ्यासमोर तो चुलता असणार आणि ते माझ्यावर ओरडायचे ते त्या भीतीनं, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

आजी वेगळी होती. आजी ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसलेली असायची, मी शाळेतून येऊन काहीतरी सांगायला लागायचो आणि मध्येच अडकायचो, तेव्हा तिचे हात थांबायचे. बास एवढंच. ती माझं वाक्य पूर्ण करायची नाही, 'सावकाश' म्हणायची नाही, नजर पण फिरवायची नाही. कधी मी चिडून "जाऊदे" म्हणालो तर म्हणायची, "सांग की, मी कुठं चाललेय?" आणि शब्द आला की शेंग पुन्हा सोलायला घ्यायची. मला ते तेव्हा फार साधं वाटायचं. पुढं पैसे देऊन स्पीच थेरपीला गेलो तेव्हा मॅडमनी घरच्यांना द्यायच्या सूचनांचा जो कागद दिला त्यात जवळजवळ हेच सगळं लिहिलेलं होतं आणि आजी चौथी शिकलेली होती.

आणि संध्याकाळी तिच्यासोबत हरिपाठ म्हणताना मी कधीच अडखळायचो नाही. एकदाही नाही. शाळेत प्रार्थनेला, प्रतिज्ञेला पण नाही. सगळ्यांबरोबर "भारत माझा देश आहे" मी खणखणीत म्हणायचो. म्हणून सातवीत एका सरांना वाटलं याला येतंय की, आणि त्यांनी मला पुढं उभं करून प्रतिज्ञा सांगायला लावली, मी एकट्यानं म्हणायची आणि बाकीच्यांनी मागून. 'भा' वर अडकलो. अख्खी शाळा उजवा हात पुढं करून उभी, सगळ्यांचे हात अवघडले, आणि 'भारत' काही येईना. शेवटी सरांनी दुसऱ्या मुलाला बोलावलं आणि मला म्हणाले, "नाटकं करतोस का? मघाशी तर येत होतं." मघाशी येत होतं हे खरंच होतं, मला तरी कुठं माहीत होतं ते का येत होतं.

आता माहीत आहे. बहुतेक अडखळणारी माणसं दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळून बोलली की अडखळत नाहीत, गाताना अडखळत नाहीत, आरती म्हणताना अडखळत नाहीत. अडखळणं हे भित्रेपणामुळे होत नाही, लाडावल्यामुळे तर नाहीच नाही, मेंदूत बोलण्याची जी वेळ जुळवली जाते तिथं ती गफलत असते, आणि शेजारी दुसरा आवाज चालू असला की त्या वेळेला बाहेरून आधार मिळतो असं अभ्यासक सांगतात. घाबरल्यामुळे अडखळणं वाढतं हे खरं, पण भीती हे मूळ नव्हे. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मॅडमच्या समोर रडलो होतो, एकतिसाव्या वर्षी, कारण तोपर्यंत मला मनातून खात्री होती की माझ्यातच काहीतरी हिंमत कमी आहे.

थेरपीपर्यंत पोचलो ती पण गोष्ट आहे. शिक्षण झालं, मार्क चांगले, अकाउंट्स पक्के, पण इंटरव्ह्यू. एका ठिकाणी तर नाव सांगतानाच अडकलो आणि समोरचे साहेब म्हणाले, "नाव विसरलात का?" शेवटी पुण्यात एक बॅक ऑफिसची नोकरी लागली, तिथं बोलायचं काम कमी. रूम पार्टनर फार चांगला मित्र, तो माझे सगळे फोन करायचा. गॅसवाल्याला, घरमालकाला, बँकेत, अगदी डॉक्टरची अपॉइंटमेंट पण. हॉटेलात गेलो की माझ्यासाठी तोच ऑर्डर द्यायचा. मला वाटायचं हा माझा केवढा आधार आहे. आणि तो आधार होताच, त्याच्या मनात माझ्याबद्दल नुसतं प्रेम होतं. पण त्या सहा वर्षांत मी जेवढं होतं नव्हतं तेवढं बोलणं पण गमावलं. माझ्या जागी बोलणारा माणूस आणि माझं बोलणं होईपर्यंत थांबणारा माणूस यात फरक आहे आणि हा फरक मला कोणी विशीत सांगायला पाहिजे होता.

लग्न. बघायला गेलो तेव्हा सगळं आईच बोलली. मग आम्हाला दोघांना गच्चीवर पाठवलं. तिला माझ्याबद्दल आधी सांगितलेलं होतं, पण सांगितलेलं असणं वेगळं आणि समोर घडणं वेगळं. तिनं काहीतरी विचारलं आणि मी अडकलो, चांगलाच, डोळे मिटले गेले, मान वाकडी झाली. डोळे उघडले तेव्हा ती माझ्याकडंच बघत होती. चप्पलकडं नाही, खाली रस्त्याकडं नाही. नंतर कधीतरी म्हणाली, "मला तेव्हा घाई कुठं होती? तुमचं उत्तर ऐकायला तर गच्चीवर आले होते." मी तिला विचारलं नाही पण मला वाटतं माझं लग्न त्या अर्ध्या मिनिटात ठरलं.

तिनंच मला थेरपीला पाठवलं. पाठवलं म्हणजे ढकललं नाही. एकदा फक्त म्हणाली की अहो, तुम्ही घरात माझ्याशी जेवढं बोलता तेवढं बाहेर कुणाशीच बोलत नाही, मला ते बघवत नाही.

मॅडमना मी पहिल्याच दिवशी तो प्रश्न विचारला. किती दिवसांत जातं हे? मनात माझा अंदाज होता, सहा महिने. त्यांनी सरळ सांगितलं की मोठ्या माणसाचं अडखळणं बहुतेक वेळा पूर्ण जात नाही. कमी होतं, सोपं होतं, त्याची भीती जाते, पण ते असतं. मला इतका राग आला होता की पुढच्या आठवड्यात मी गेलोच नाही. टीव्हीवर, भिंतींवर त्या जाहिराती असतात ना, तोतरेपणा गॅरंटीनं बंद, एवढ्या दिवसांत, मी पण एका ठिकाणी पैसे भरून बसलो होतो त्याआधी. तिथं एका लयीत, गाण्यासारखं बोलायला शिकवलं, तिथल्या तिथं मी भराभर बोलायला लागलो, आणि घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांत सगळं होतं तिथं परत. त्यामुळे गॅरंटी न देणाऱ्या बाईवर विश्वास ठेवायला मला वेळ लागला.

थेरपीत शिकलो काय तर आधी अडकायला शिकलो. विचित्र वाटेल, पण तसंच आहे. चार्ल्स व्हॅन रायपर नावाचे एक अमेरिकन थेरपिस्ट होते, १९०५ चा जन्म, १९९४ ला गेले, स्वतः तरुणपणी जबरदस्त अडखळायचे. त्यांची पद्धत अशी की अडखळण्याशी कुस्ती खेळू नका, सोप्या पद्धतीनं अडखळायला शिका. शब्दावर अडकून कसाबसा बाहेर पडलात तर पुढं पळू नका, थांबा, तोच शब्द पुन्हा, सैल ओठांनी म्हणा. हे जमलं की मग अडकलेलं असतानाच ओठ सैल सोडायला शिका. ते जमलं की शब्द यायच्या आधीच. या तीनही पायऱ्या ऐकायला एका मिनिटाच्या आहेत. पहिली पायरी मला बाहेर, अनोळखी माणसासमोर जमायला अकरा महिने लागले. कारण अडकल्यानंतर थांबणं म्हणजे काय तर ज्या क्षणी जमिनीनं गिळावं असं वाटतं त्याच क्षणी उभं राहायचं.

दुसरे एक जोसेफ शीहान, ते पण स्वतः अडखळणारे, त्यांनी अडखळण्याला हिमनगाची उपमा दिली. लोकांना ऐकू येतं ते पाण्याच्या वरचं टोक. खाली सगळी लाज, भीती, टाळाटाळ, अपराधी वाटणं. माझं उडतारेचं तिकीट पाण्याखालचं. मॅडमनी हे चित्र काढून दाखवलं आणि म्हणाल्या यात तुमचं काय काय आहे ते भरा. मला वाटलं होतं पाच-सहा गोष्टी होतील, कागद पाठपोट भरला.

आणि मग त्यांनी ग्रुपबद्दल सांगितलं. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन म्हणून संस्था आहे, तिच्याशी जोडलेले स्वमदत गट वेगवेगळ्या शहरांत चालतात, अडखळणारेच एकमेकांसाठी चालवतात. पुण्यात रविवारी सकाळी एका बागेत. मी पहिल्या रविवारी गेलो आणि लांबच्या बाकावर बसून नुसता बघून परत आलो. दुसऱ्या रविवारी पण. तिसऱ्या रविवारी एक काका उठून माझ्याकडं आले, साठीच्या पुढचे, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, आणि म्हणाले "च-च-चहा घेणार?" आयुष्यात पहिल्यांदा मी समोरून कुणाला अडखळताना बघितलं, म्हणजे आरशाशिवाय. आणि मी काय केलं तर चटकन "हो" म्हणून त्यांचं वाक्य तोडलं. मी! काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हसले, आणि त्यांचं वाक्य पुन्हा पहिल्यापासून पूर्ण केलं. त्या दिवशी मला कळलं की समोरच्याला पण थांबणं जड जातं, ते दोन सेकंद ऐकणाऱ्याला पण खूप मोठे वाटतात, आणि लोक आपलं वाक्य तोडतात ते नेहमी दुष्टपणानं नाही.

ग्रुपमध्ये करतो काय, तर बोलतो. वेळेचं बंधन नाही. कुणी कुणाचा शब्द पूर्ण करत नाही हा एकच नियम. कधी एकत्र मोठ्यानं पेपर वाचतो, सगळे एका सुरात, आणि तेव्हा कोणीच अडखळत नाही, मग एकेक आवाज कमी करत जातो आणि शेवटी एकच उरतो. कधी दोघादोघांनी बाजारात जातो आणि मुद्दाम अडखळतो, न अडणाऱ्या शब्दावर. मी मंडईत जाऊन "कि-कि-किती किलो" असं मुद्दाम म्हटलं, काका शेजारी उभे. भाजीवाली मावशी म्हणाली "चाळीस रुपये." बास. आभाळ कोसळलं नाही, तिनं भाव पण वाढवला नाही. एकट्यानं हे मी कधीही केलं नसतं, अगदी शंभर वर्षं मिळाली असती तरी नाही. शेजारी उभा राहिलेला माणूस काही करत नव्हता, पण तो होता.

एक गोष्ट वाचलेली सांगतो, कारण ती डोक्यातून जात नाही. १९३९ मध्ये अमेरिकेत आयोवामध्ये एक प्रयोग झाला होता, २२ अनाथ मुलांवर. त्यातली काही मुलं अगदी नीट बोलणारी होती, त्यांना मुद्दाम सतत सांगितलं गेलं की तुमचं बोलणं बिघडलंय, तुम्ही अडखळता, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. ती मुलं त्यानं अडखळायला लागली असं नाही, पण बोलायला कचरायला लागली, गप्प झाली, अभ्यासात मागं पडली. २००१ मध्ये त्या विद्यापीठानं जाहीर माफी मागितली. मी हे रात्री वाचलं आणि मला आमच्या घराण्यातला तो 'मुका' आठवला. त्याच्यावर कुणी प्रयोग केला नव्हता, गावानंच केलं ते.

आता जे सांगायचं ते जरा जड आहे. थेरपी आणि ग्रुप मिळून दीड वर्ष झालं तेव्हा माझं बोलणं खूप सुधारलं होतं. ऑफिसात लोक म्हणायला लागले, अरे वा. मला वाटलं झालं, संपलं. मग एक मोठी रिव्ह्यू मीटिंग होती, मी स्वतः हात वर करून म्हणालो की आकडे मी मांडतो. दुसऱ्याच स्लाईडला 'प्रॉफिट' वर अडकलो. किती वेळ माहीत नाही, एकानं नंतर सांगितलं वीस सेकंद तरी. त्यातून बाहेर पडायला जे जे शिकलो होतो त्यातलं काही आठवलं नाही. मॅनेजरनी "इट्स ओके" म्हणून लॅपटॉप आपल्याकडं घेतला आणि पुढचं तेच बोलले.

मी घरी आलो आणि सगळं सोडलं. थेरपी, ग्रुप, सगळं. बायकोशी पण दोन दिवस बोललो नाही. मला वाटायचं दीड वर्ष फुकट गेलं, मी परत उडतारेला उतरलोय. ग्रुपवर मेसेज यायचे, मी बघायचो नाही. पण काका रोज सकाळी मला वेगळा व्हॉइस नोट पाठवायला लागले. मी एकाचंही उत्तर दिलं नाही. एक दिवस शेवटी उघडून ऐकला, एक मिनिट चाळीस सेकंदांचा होता. त्यात निम्मी शांतताच, ते अडकलेले, श्वासाचा आवाज, मागं कुकरची शिट्टी, आणि मग एखादा शब्द. काय म्हणत होते तर आज टेकडीवर गेलो होतो, धुकं होतं, एक मोर दिसला. एवढंच. 'तू ये' नाही, 'हिंमत सोडू नकोस' नाही. दुसऱ्या दिवशी परत एक, बेसनाच्या लाडवांबद्दल. मी मागचे सगळे काढून ऐकले. तीन महिने, रोज एक. हा माणूस लिहून पाठवू शकला असता, दोन ओळी टाईप करायला कितीसा वेळ लागतो, पण तो रोज माझ्यासाठी तेवढा वेळ अडकत होता. मी एक दिवस रेकॉर्डचं बटण दाबलं आणि बोललो. सत्तावीस सेकंद. काय बोललो ते आठवत नाही. त्यांचा लगेच उलट निरोप आला, "ऐ-ऐ-ऐकलं."

पुढच्या रविवारी गेलो. कोणी विचारलं नाही कुठं होतास.

मॅडम म्हणाल्या हे होतंच, चढ-उतार हा अडखळण्याचा स्वभावच आहे, चांगले आठवडे येतात, वाईट येतात, आणि वाईट आठवडा आला म्हणजे शिकलेलं पुसलं गेलं असं नाही. ऐकायला बरं वाटलं पण पटायला आणखी एक असाच उतार यावा लागला, त्या वेळी मी तीन महिन्यांऐवजी नऊ दिवस गायब होतो. मग त्यानंतर एक उतार आला तेव्हा रविवार चुकवलाच नाही. माझी प्रगती मोजायची झाली तर मी अशीच मोजतो. बोलणं किती सुधारलं ते दर महिन्याला बदलतं, पण पडल्यावर माणसांकडं परत यायला किती दिवस लागले हे मात्र कमी कमी होत गेलं.

आणि मग मुलगी. साडेतीन वर्षांची असताना एक दिवस म्हणाली, "मी-मी-मी-मला दे." माझ्या हातातलं ताट खाली ठेवावं लागलं. त्या रात्री झोप नाही. आईला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली वेखंड पाठवते. मी मॅडमना फोन केला, स्वतः, आणि नावावरच अडकलो पण फोन ठेवला नाही. त्यांनी समजावलं की दोन ते पाच या वयात बऱ्याच मुलांचं असं होतं आणि त्यातल्या बहुतेकांचं आपोआप जातं, मुलींचं तर मुलग्यांपेक्षा जास्त वेळा जातं. घरात कुणी अडखळणारं असेल तर राहण्याची शक्यता थोडी वाढते, म्हणून लक्ष ठेवायचं, सहा महिने-वर्षभर टिकलं किंवा ती स्वतः बोलताना त्रासायला लागली तर घेऊन या. आणि तोपर्यंत काय करायचं? सावकाश बोल म्हणायचं नाही, आपणच सावकाश बोलायचं. कसं बोलतेय त्याकडं नाही, काय बोलतेय त्याकडं लक्ष द्यायचं. तिचं वाक्य तोडायचं नाही. हातातलं काम थांबवायचं.

हातातलं काम थांबवायचं. मला पावट्याच्या शेंगा आठवल्या.

ते काही महिने मी जगलो ते कसे सांगू. ती 'मी-मी-मी' म्हणायची आणि माझ्या घशाशी यायचं 'सावकाश बाळा', माझ्या वडिलांचं वाक्य, तेच, त्याच सुरात, आणि मी ते गिळायचो. ऑफिसला उशीर होत असायचा, एका हातात डबा, आणि ती चिमणीबद्दल सांगत असायची, आणि मी उंबऱ्यात खाली बसायचो. आपल्या माणसाच्या तोंडात शब्द अडकलेला असताना काहीही न करता नुसतं थांबणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि माझ्यासाठी हे किती जणांनी केलं असेल, न बोलता, त्याचा हिशोब मी तेव्हा करायला लागलो. वडिलांबद्दलचा राग पण तेव्हाच गेला माझा. गावी गेलो तेव्हा त्यांना सांगितलं पहिल्यांदा, उडतारेचं. ते बराच वेळ बांधावर बसून होते. मग म्हणाले, "पावसात पण चालत यायचास?" एवढंच. पण त्यानंतर मी बोलताना ते थांबतात. चुकतात मध्येच, एखादा शब्द पुरवतात, मग त्यांनाच आठवतं आणि ओठ मिटून घेतात.

मुलीचं अडखळणं सात-आठ महिन्यांत गेलं. राहिलं असतं तरी चाललं असतं, हे मी आता मनापासून म्हणू शकतो.

त्या रविवारच्या मुलाला मी हे सगळं सांगायला पाहिजे होतं. पुढच्या वेळी आला तर सांगेन. मला सहा वर्षं झाली आता. 'प' अजून अडतो.

दिवाळीत गावी चाललो होतो, मी आणि मुलगी दोघंच, स्वारगेटवरून सातारा गाडी. कंडक्टर एक तरुण ताई होत्या, हातात मशीन. "कुठं?" मी तोंड उघडलं आणि 'पा' अडकला. गाडीत गर्दी, बॅगा, फटाक्यांच्या पिशव्या, मागं लोक तिकिटासाठी खोळंबलेले. ताई म्हणाल्या, "पारगाव?" मी मान हलवली, नाही. मुलगी माझ्या मांडीवर होती, ती त्यांना म्हणाली, "थांबा ना, बाबा सांगतायत." ताईंनी मशीनवरचं बोट उचललं आणि माझ्याकडं बघितलं. मी ओठ सैल सोडले, आणि पहिल्यापासून म्हणालो. पाचवड. एक फुल, एक हाफ.

माझ्याकडं पाचशेची नोट होती, त्यांच्याकडं सुटे नव्हते, तर उरलेले पैसे त्यांनी तिकिटाच्या मागं पेनानं लिहून दिले आणि म्हणाल्या उतरताना आठवणीनं मागून घ्या. म्हणजे पाचवड यायच्या आधी उठून पुढं जायचं होतं आणि त्यांच्याशी परत एकदा बोलायचं होतं. मी तिकीट खिशात घातलं आणि मुलीला खिडकीकडं सरकवलं.